‘ड्राय’ची कैफियत

पुण्यामुंबईकडील नव्या इमारतींचे नकाशे ज्यांनी डोळ्यांखालून घातले असतील त्यांस, स्वयंपाकघराच्या पाठीमागे, दिवाणखान्याच्या इभ्रतीस बाध येऊ नये अशा बेताने दडवलेली आणि दोनचार पावलांतच संपणारी एक चिंचोळी जागा परिचयाची असेल. नकाशात तिचा उल्लेख ‘ड्राय बाल्कनी’ असा केलेला असतो. या बाल्कनीत धुणे धुतात, पिळतात आणि वाळतही घालतात. खरकटी भांडी तिथेच घासली जातात. कपडे धुण्याचे यंत्र आपल्या पोटातले फेसाळ पाणी एका करड्या नळीवाटे तिथेच ओतते. फरशी पुसून झाल्यावर बादली तिथेच उपडी होते. आणि वर दोरीवर टाकलेल्या चादरीचे थेंब खाली उकिडव्या बसलेल्या मोलकरणीच्या मानेवर नेमाने पडत असतात. स्नानगृहाची फरशीसुद्धा दुपारच्या प्रहरी घटकाभर वाळते. परंतु ड्राय बाल्कनीची फरशी वाळल्याचे कोणाच्या पाहण्यात नाही. बांधकाम करणाऱ्या मंडळींना हे नाव कोणी सुचवले याचा शोध घेण्याच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण या विशेषणाची त्याच्या माहेरची वर्तणूक ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. विलायतेतही ‘ड्राय’ हे विशेषण ज्या ज्या वस्तूस चिकटले आहे, त्यांतील निम्म्या तरी वस्तू हाती घेतल्यास हात ओला होतो.

ड्रायक्लीनिंगचेच पाहा. लग्नसराई आटोपली, की शालू, पैठण्या आणि नवरदेवाच्या अंगावर एकवारच चढलेला सूट ही सारी दौलत एका चादरीत बांधून गृहिणी ड्रायक्लीनरच्या दुकानी दाखल करते. तो गृहस्थ पदराची जर दिव्याखाली धरून निरखतो, आमटीच्या डागावर बोट टेकवून ‘हा आधीचाच आहे हं’ असे पंचनाम्यातील पंचाच्या गांभीर्याने नमूद करतो, आणि एक गुलाबी पावती फाडून देतो. रंग उतरल्यास, जर काळवंडल्यास किंवा टिकल्या गळाल्यास दुकान जबाबदार नाही, असा करारनामा त्या पावतीच्या पाठीवर बारीक टाइपात छापलेला असतो. तो वाचणारी गृहिणी अद्याप जन्मास यावयाची आहे. तिची प्रामाणिक समजूत अशी, की आता आपल्या शालूस ओलावा म्हणून शिवणार नाही; तो हलक्या हाताने झटकतील, फार तर ब्रश फिरवतील आणि घडी घालतील. वस्तुतः त्या शालूस मागील दालनातल्या एका फिरत्या पिंपात टाकून पर्क्लोरोएथिलीन नामक द्रवात, किंवा आपल्याकडे ज्यास ‘पेट्रोल वॉश’ म्हणतात त्या पद्धतीत रॉकेलच्या कोण्या भाऊबंदात, नखशिखान्त बुचकळून काढतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिस शहरी हा धंदा नावारूपास आला तेव्हा टर्पेंटाइनच्या गोत्रातील द्रव वापरीत. पुढे बेन्झीन आले, पेट्रोल आले, दुकानांना आगी लागू लागल्या म्हणून न पेटणारी द्रवे आली. परंतु या साऱ्या स्थित्यंतरांत कपडा एक दिवसही कोरडा राहिला नाही. तो भिजला खरा, पण पाण्याने भिजला नाही, एवढ्या भांडवलावर या व्यवसायाने ‘ड्राय’ ही उपाधी पदरात पाडून घेतली.

या शब्दाच्या स्वभावाची मेख इथेच आहे. ड्राय म्हणजे ज्यात पाणी नाही तो, असे आपणांस शाळेत शिकवले. परंतु मास्तरांची ही व्याख्या इंग्रजाने कधीच मान्य केलेली नव्हती. जे मिळेल अशा अपेक्षेने तो एखाद्या वस्तूपाशी जातो ते तिथे नसले, की ती वस्तू त्याच्या लेखी ‘ड्राय’ ठरते; मग तिच्यात इतर काहीही थबथबत असो. टोस्टला लोणी नसले की टोस्ट ड्राय. गाय आटली की ती ड्राय. आपण तिला भाकड म्हणतो, आणि ती बिचारी तळ्यात उभी असली तरी इंग्रजाच्या दप्तरी ड्रायच असते. बाळाला सांभाळते पण अंगावर पाजत नाही, ती दाई ड्राय. विलायती रंगभूमीवर एखादा नट ऐन प्रवेशात वाक्य विसरला, तर तो ‘ड्राय’ झाला असे म्हणतात. त्या क्षणी त्याचा अंगरखा घामाने पाठीस चिकटलेला असतो आणि विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या कपाळावरूनही धारा लागलेल्या असतात, परंतु प्रेक्षक शब्दांची वाट पाहत होते आणि शब्द आले नाहीत, एवढाच मुद्दा इथे विचारात घेतला जातो.

जहाजांच्या बाबतीत या विशेषणाने जो घोळ घातला आहे, त्याचा मुंबई इलाख्याशी जुना ऋणानुबंध आहे. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईस 1750 च्या सुमारास जी ड्राय डॉक, म्हणजे सुकी गोदी, उभी राहिली ती आशिया खंडातील पहिली समजतात. सुक्या गोदीचा व्यवहार असा, की आधी तिच्यात समुद्र घ्यावयाचा, त्यावर तरंगत जहाज आत आणावयाचे, मग दरवाजे बंद करून पाणी बाहेर काढावयाचे. डागडुजी झाली की पुन्हा समुद्र आत सोडून जहाज बाहेर काढावयाचे. म्हणजे जिच्यात वरचेवर अख्खा समुद्र कोंडावा आणि सोडावा लागतो ती गोदी सुकी, आणि शेजारची, जिच्यात पाणी निमूट पडून असते, ती नुसती गोदी.

परंतु गोदीत जहाज ज्या व्याधीमुळे येऊन पडे तिचे नाव याहून धन्य आहे. ओकचे लाकूड भुसभुशीत होऊन बोटाने उकरता येईल इतके कुजते, त्या रोगास इंग्रजीत ‘ड्राय रॉट’ म्हणतात. आणि हा कोरडा रोग होण्यास लाकडात भरपूर ओल असावी लागते. तो एका बुरशीमुळे होतो. तिच्या अंगावर पाण्याचे थेंब डवरतात म्हणून शास्त्रज्ञांनी तिचे लॅटिन नाव ‘सर्प्युला लॅक्रिमान्स’ असे ठेवले आहे, आणि लॅक्रिमान्स म्हणजे अश्रू ढाळणारी. नाव कोरडे, डोळ्यांत पाणी, असे हे पात्र आहे. सॅम्युअल पीप्स हा प्रख्यात रोजनिशीकार आरमाराच्या कारभारावर असताना त्याने नव्याच बांधलेल्या जहाजांच्या तळघरांत मुठीएवढाली अळंबी उगवलेली पाहिली होती. या विकारावर इलाज म्हणून जी लाकडे कामास आली त्यांत मलबारचे सागवान अग्रगण्य होते, आणि ते जोडण्याची विद्या मुंबईच्या वाडियांपाशी होती. त्यांनी 1817 साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. सागवानास हा कोरडा रोग सहसा जडत नाही, बहुधा त्यास इंग्रजी येत नसल्यामुळे.

न्यायाच्या दृष्टीने हे कबूल केले पाहिजे, की एका ठिकाणी इंग्रजाने हा शब्द त्याच्या अगदी सरळ अर्थाने वापरला, आणि तो प्रसंग आपणांस फार महाग पडला. बंदुकीची दारू कोरडी राखा, असा एक उपदेश क्रॉमवेलच्या तोंडी घालण्याचा प्रघात आहे. तो त्याने केला असो वा नसो, त्याच्या देशबांधवांनी तो मनावर घेतला होता. दिनांक 23 जून 1757 रोजी प्लासीच्या आमराईपाशी भर दुपारी पावसाची एक सर कोसळली. क्लाइव्हच्या माणसांनी दारूगोळ्यावर ताडपत्र्या ओढल्या. नवाब सिराजउद्दौल्याच्या तोफखान्याची दारू उघड्यावर होती. ती भिजून तोफा मुक्या झाल्या. ज्याअर्थी आपली दारू भिजली त्याअर्थी शत्रूचीही भिजलीच असणार, असे पूर्णपणे तर्कशुद्ध अनुमान बांधून नवाबाचा निष्ठावंत सरदार मीर मदन घोडदळ घेऊन पुढे सरसावला आणि कोरड्या दारूच्या माऱ्यात पडला. मीर जाफरच्या फितुरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे. त्या मानाने ताडपत्रीची इतिहासकारांनी फारशी कदर केली नाही.

दारू या शब्दाने मी आता ज्या प्रांतात आपोआप येऊन पोहोचलो आहे, तिथे ‘ड्राय’ची सत्ता सार्वभौम आहे, आणि सार्वभौम सत्तेस शोभेल असाच तिथला कारभार बेबंद आहे. जिन आणि व्हर्मूथ यांच्या मिश्रणास ‘मार्टिनी’ म्हणतात. त्यात व्हर्मूथ जितके कमी आणि जिन जितकी अधिक, तितकी ती मार्टिनी अधिक ‘ड्राय’. म्हणजे जवळजवळ निखळ दारूने भरलेला प्याला हा कोरडेपणाचा परमोत्कर्ष झाला. याच्या उलट, ज्या दिवशी दारूचा थेंबही विकता येत नाही तो दिवस ‘ड्राय डे’. एकाच विशेषणाने एका टोकास सर्व काही आणि दुसऱ्या टोकास काहीच नाही, असे दोन्ही अर्थ बिनतक्रार वाहावेत, ही किमया आमच्या वेदान्त्यांस ‘पूर्ण’ आणि ‘शून्य’ या दोन शब्दांवाचून साधली नाही.

शँपेनची कथा तर जमाबंदीच्या तक्त्यासारखी आकड्यांनी समजावून घ्यावी लागते. या फसफसणाऱ्या मद्याच्या एका लिटरमध्ये साखर 12 ग्रॅमहून कमी असेल तर बाटलीवर ‘ब्रूट’ असे लिहितात. 12 ते 17 ग्रॅम असेल तर ‘एक्स्ट्रा ड्राय’. आणि 17 ते 32 ग्रॅम असेल तर नुसते ‘ड्राय’. इथे ड्राय म्हणजे अगोड, हे ज्याने कष्टाने शिकून घेतले आहे, तो भला माणूस दुकानात जाऊन ‘एक्स्ट्रा ड्राय’ मागतो आणि ब्रूटवाल्याहून गोड बाटली घेऊन घरी येतो. याचे कारण इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात रशियाच्या दरबारी जी शँपेन जात असे ती पाकातल्या पुऱ्या लाजतील इतकी गोड असे. इंग्रज गिऱ्हाइकाने साखर कमी करा म्हणून तगादा लावला तेव्हा जी कमी गोड बाटली तयार झाली तिला ‘ड्राय’ हे नाव मिळाले. पुढे साखर आणखी उतरत गेली, परंतु नाव एकदा दिले गेले होते आणि ते परत घेण्याची तजवीज कोणी केलेली नव्हती. नाशिक-नारायणगावकडील द्राक्षमळ्यांचे माल आता बाटल्यांत भरून बाजारात येतात, त्यांवरही ही नामावळी अवतरली आहे. एखाद्या शेतकऱ्याने ‘ब्रूट’ म्हणजे काय असे विचारले तर त्यास सरळ ‘दांडगा’ असे सांगावे, भाषांतर फारसे चुकणार नाही.

आपल्या राज्यातील कोरडेपणास मात्र कायद्याचे अधिष्ठान आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला आणि मोरारजीभाई देसाई गृहखाते सांभाळीत असलेल्या त्या काळात सबंध इलाखा ड्राय करण्याचा संकल्प सुटला. कायद्याच्या मसुद्यात मद्याची व्याख्या इतकी ऐसपैस होती की तिच्या तावडीत औषधाची बाटली आणि अंगाला लावावयाचे सुगंधी पाणीसुद्धा सापडले. त्यावर एक नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1951 साली न्यायमूर्तींनी औषधे व प्रसाधने एवढ्यापुरते कलमांचे दात काढून घेतले. तो कायदा आजही हयात आहे, आणि त्याची सर्वांत रोचक संतती म्हणजे परवाना. कायद्याच्या नजरेने महाराष्ट्रातील प्रत्येक मद्यपी हा अपवाद आहे. म्हणून त्यास एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन परवाना लागतो. ‘परमिट रूम’ अशी जी लाल-निळी पाटी रस्तोरस्ती दिसते ती याच व्यवस्थेची खूण होय. सर्वांत गोड भाग असा, की अशा परवान्याचा कायद्यात नमूद केलेला एक हेतू प्रकृतीची जपणूक हा आहे. सबब संध्याकाळी त्या पाटीखालून जी मंडळी एकमेकांच्या आधाराने बाहेर पडताना दिसतात, ती सरकारदरबारी आपली प्रकृती जपून परत निघालेली असतात.

जिल्ह्यांचेही तसेच. वर्धा आणि गडचिरोली हे दोन जिल्हे ड्राय आहेत. वर्ध्याचे कारण सेवाग्राम होय, त्याविषयी बोलणे नको. परंतु गडचिरोलीचा ड्रायपणा नकाशा समोर ठेवून पाहावा. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या त्याच्या सीमेवरून वाहतात, पावसाची सरासरी मराठवाड्याने हेवा करावा अशी आहे, आणि दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की भामरागड जगापासून तुटते. तिथे पुरात अडकलेल्या पाहुण्याने ‘हा ड्राय जिल्हा आहे’ हे वाक्य छतावर बसून ऐकावे. मुंबईकरास इतके दूर जाण्याचे कारण नाही. पंधरा ऑगस्टला, गुडघाभर पाण्यातून झेंडावंदनास जाऊन आल्यावर, पिळलेल्या सदऱ्यानिशी एखादा मनुष्य कोपऱ्यावरच्या बंद दरवाजासमोर उभा राहतो आणि आतला पोऱ्या फटीतून ‘आज ड्राय डे आहे साहेब’ असे सांगतो, तेव्हा दोघांपैकी कोणासही हसू येत नाही.

हसू येत नाही म्हटल्यावर ‘ड्राय ह्यूमर’चा विचार क्रमप्राप्त आहे. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, आपण काही विनोद केला आहे याची स्वतःलाही खबर नसल्यासारखे जे बोलतात त्याला इंग्रज हे नाव देतो आणि त्याची मोठी मातबरी मानतो. आता ‘ह्यूमर’ या शब्दाची वंशावळ काढली तर ती एका लॅटिन शब्दाशी जाऊन भिडते, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे ओलावा. ग्रीक वैद्यांच्या मते देहात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार ओलावे वाहत असत. त्यांच्या कमीअधिकपणावरून माणसाचा स्वभाव ठरे. स्वभाव बिघडला की माणूस विक्षिप्त होई. आणि विक्षिप्त माणूस दिसला की लोक हसत. बेन जॉन्सनने 1598 मध्ये रंगभूमीवर आणलेल्या एका नाटकाच्या नावात हा शब्द याच विक्षिप्तपणाच्या अर्थाने आला आहे, आणि तिथून तो हळूहळू विनोदाच्या घरी दत्तक गेला. तेव्हा ‘ड्राय ह्यूमर’ म्हणजे शब्दशः कोरडा ओलावा. यावर कोणी आक्षेप घेऊ नये. कारण त्या वैद्यांनी दोन्ही पित्तांना, ती डोळ्यांदेखत पातळ असतानाही, गुणाने कोरडी ठरवून ठेवले होते. आपल्या आयुर्वेदाने निदान वातास, म्हणजे वाऱ्यास, रूक्ष म्हटले. त्यात काही तरी ताळतंत्र आहे.

मराठीत या जातीच्या विनोदाचे पीक बेताचेच. आमचा वक्ता कोटी करण्यापूर्वी हसतो, करताना हसतो, आणि श्रोते हसले नाहीत तर तीच कोटी पुन्हा करून हसतो. अपवाद काढावयाचाच तर मी चिं. वि. जोशी यांच्याकडे बोट दाखवीन. त्यांचा चिमणराव स्वतःच्या फजितीची हकिकत एखाद्या कारकुनाने वरिष्ठांस अहवाल सादर करावा तशा निर्विकारपणे सांगतो, आणि आपण हास्यास्पद झालो आहोत हे गुंड्याभाऊखेरीज साऱ्या महाराष्ट्राला कळले तरी त्याला कळत नाही. चिं. वि. बडोद्यास पालीचे अध्यापन करीत असत. बडोदे आज गुजरातच्या ड्राय हद्दीत मोडते, परंतु या दोन गोष्टींत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही.

इथवर इंग्रजांची झडती घेतल्यावर आपल्या घराचीही घ्यावी हे बरे. मराठीतील ‘कोरडा’ वरकरणी सभ्य दिसतो. कोरडा शिधा खरोखरच कोरडा असतो. कोरडी सहानुभूती आणि कोरडे पाषाण यांतही फसवाफसवी नाही. पाठीवर कोरडे ओढतात तो कोरडा वेगळा, त्याला या चौकशीतून वगळू. कोरडवाहू शेतीचे म्हणाल, तर 1933 साली सोलापुरास तिच्या संशोधनाचे केंद्र निघाले, आणि त्या साऱ्या शास्त्राचा गाभा जमिनीतली ओल कशी राखावी हा आहे. परंतु जिरायत जमीन कसणारा शेतकरी एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे मानीत आला आहे, तेव्हा ओलीची खरी किंमत कोरड्या रानातच कळते असे म्हणून तेही सोडून देता येईल. एका शब्दापाशी मात्र माझी वकिली खुंटते. भाकरीशी लावून खाण्याचे जे पातळ कालवण, त्यास देशावर ‘कोरड्यास’ म्हणतात. कोरड्या भाकरीस लावावयाचे ते कोरड्यास, अशी त्याची उपपत्ती सांगता येते आणि ती व्याकरणास धरूनही आहे. पण ताटात शेवटी जे पडते ते पातळच असते.

माझे एक स्नेही, जन्मभर इंग्रजीचे अध्यापन केलेले पुणेकर गृहस्थ, कोल्हापूरच्या एका खानावळीत प्रथमच जेवावयास बसले. वाढप्याने दोन भाकरी टाकल्या आणि विचारले, ‘कोरड्यास काय देऊ?’ प्राध्यापकांना आधीच ठसका लागण्याची धास्ती होती. ते घाईघाईने म्हणाले, ‘कोरडे काही नको, जरा रस्सा असला तर पाहा.’ वाढप्याने हातातील बादलीकडे पाहिले, तिच्यात तांबडा तवंग काठोकाठ हिंदकळत होता. मग प्राध्यापकांकडे पाहिले. आणि चेहऱ्यावरची माशी न हलवता म्हणाला, ‘मग कोरड्यासच घ्या की.’